राखणीचें कुत्रें

दसरा-दिवाळी उलटली, बाजरीचीं कणसें खळ्यावर येऊन पडलीं, कीं माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या मुलखांतील धनगरांचे वाडे हलूं लागतात. येथें वाडा म्हणजे चौसोपी इमारत नव्हे. चार-सहा कुटुंबें, त्यांचीं दोन-तीनशें मेंढरें, ओझ्याचीं तट्टें, तट्टांच्या पाठीवर बांधलेल्या कोंबड्या व क्वचित् एखादें तान्हें मूल, आणि या साऱ्यांच्या मागून खालीं मान घालून चालणारीं दोन-चार कुत्रीं, मिळून जें एक चालतें गांव होतें त्यास वाडा म्हणतात. पावसाळा तोंडावर येईपर्यंत हें गांव घाट उतरून कोंकणांत किंवा नदीकांठच्या बागाईतांत फिरत राहतें. हमरस्त्यानें मोटारींतून जाणाऱ्या नागरिकाला त्याची गांठ पडते ती बहुधा अडचण म्हणून. तो कर्णा वाजवितो, धनगर काठी आडवी धरून मेंढरें कडेला घेतो, आणि मोटार पुढें निघून जाते. तेवढ्या वेळांत मोटारींतील मुलांना मेंढरें दिसतात, लाल पागोटें दिसतें, तट्टावरची कोंबडी तर हमखास दिसते. दिसत नाहीं तें कुत्रें. दिवसां तें दिसण्यासारखें नसतेंच.

अंगानें मध्यम, केस दाट व राठ, रंग काळा, तांबूस किंवा दोहोंची भेसळ, कान अर्धवट पडलेले, आणि चेहऱ्यावर जगाविषयीं एक प्रकारची उदासीनता, असें त्याचें वर्णन करतां येईल. कुत्र्यांच्या प्रदर्शनांत त्यास कोणी उभें करणार नाहीं. परक्यानें हांक मारली तर तें शेपूट हलवीत येत नाहीं. मान उचलून एकवार पाहतें व पुन्हां खालीं ठेवतें. दुपारीं मेंढरें बाभळीच्या सांवलींत एकमेकांच्या पोटाखालीं तोंडें घालून उभीं असतात, तेव्हां हेंही एका बाजूस मातींत खळगा उकरून पडलेलें असतें. पाहुणा विचारतो, "हें काय राखण करणार?" धनगर हंसतो. उत्तर देत नाहीं, कारण तें उत्तर रात्रीं मिळावयाचें असतें.

संध्याकाळीं एखाद्या शेतकऱ्याच्या मोकळ्या रानांत वाडा उतरतो. बायका तीन दगडांची चूल मांडतात, पुरुष वाघूर लावतात. वाघूर म्हणजे दोरीचें विणलेलें जाळें. मेखा ठोकून तें भोंवतीं उभें केलें म्हणजे मेंढरांना रात्रीपुरतें अंगण मिळतें. हें जाळें मेंढराला आंत ठेवण्यापुरतें आहे; लांडग्याला बाहेर ठेवण्याचें सामर्थ्य त्यांत नाहीं. तें काम कुत्र्याचें. जेवणखाण आटोपून माणसें घोंगडीं पांघरून आडवीं झालीं, कीं दिवसभर मेल्यासारखें पडलेलें तें कुत्रें उठतें, अंग झाडतें आणि वाऱ्याकडे नाक करून बसतें. तीन कुत्रीं असलीं तर तीं तीन दिशांना बसतात. ती जागा त्यांना कोणी नेमून दिलेली नसते.

लांडगा एकटा आला तर फारसा घोर नसतो. पण तो पुष्कळदां एकटा येत नाहीं. एक जण दिसेल न दिसेल असा अंधाराच्या कडेला रेंगाळतो, कुत्रीं त्याच्यावर धांवून जातात, आणि तेवढ्यांत दुसरा विरुद्ध बाजूनें जाळ्यापाशीं येतो. ही लबाडी जुने धनगर मोठ्या कौतुकानें सांगतात. त्यांत मेंढरूं गेल्याचें दुःख असतें, तरी शत्रूच्या हुषारीची दादही असते. म्हणूनच जें कुत्रें लांडग्याच्या मागें दूरवर पळत जातें त्याची धनगर तारीफ करीत नाहीं. चांगलें कुत्रें पन्नास-साठ पावलें जाऊन थांबतें, भुंकतें, व मागें फिरतें. धांवून जाण्यापेक्षां हें मागें फिरणें अवघड आहे. भुंकण्याचेही प्रकार असतात: वाटसरूवरचें निराळें, कोल्ह्यावरचें निराळें, लांडग्यावरचें अगदीं निराळें. झोंपेंत असलेला धनगर पहिल्या दोहोंना फार तर कूस बदलतो, तिसऱ्याला मात्र काठी व विजेरी घेऊन उभा राहतो.

बिबट्याची गोष्ट वेगळी. ऊंसाचें क्षेत्र वाढल्यापासून जुन्नर, आंबेगांव, शिरूर या भागांत बिबटे ऊंसांतच जन्मूं व वाढूं लागले आहेत, आणि बिबट्याला कुत्र्याचें मांस फार आवडतें. तो भुंकूं देत नाहीं. सरळ येऊन गळा धरतो. म्हणून कांहीं वाड्यांत कुत्र्याच्या गळ्यांत बाहेरच्या बाजूस अणकुचीदार खिळे असलेला पट्टा बांधतात. अशा पट्ट्यामुळें कुत्रें हटकून वांचतें असें नाहीं, पण निदान पहिली धरणी हुकते, आणि तेवढ्या क्षणांत माणूस जागा होतो.

हें कुत्रें शिकवितात कसें, असें विचारलें तर धनगराला प्रश्नच नीट कळत नाहीं. पिलूं डोळे उघडून चालूं लागलें कीं त्यास कोंकरांत सोडतात, एवढेंच. कोंकरांच्या उबेला तें झोंपतें, त्यांच्याबरोबर उन्हांत पडतें, आगाऊपणा केला तर एखाद्या मेंढीची धडकही खातें. पहिल्या तीन-चार महिन्यांत ज्यांच्या संगतींत कुत्र्याचें पिलूं वाढतें त्यांस तें जन्मभर आपलें मानतें. प्राणिशास्त्रज्ञांनीं ही गोष्ट अलीकडे प्रयोगांनीं दाखविली. मेंढपाळांना ती फार पूर्वींपासून ठाऊक होती. इटलींतील आब्रुत्सी डोंगरांतला पांढरा राखण्या, तुर्कस्थानांतला कंगाल, हिमालयांतला भोटिया, सारे याच रीतीनें तयार होतात. पिलानें खेळतां खेळतां कोंकराचा कान ओढला तर त्यास तेथल्या तेथें दटावतात. ती खोड गेली नाहीं तर त्यास वाड्यांत थारा नाहीं. खाणें म्हणाल तर भाकरी, ताक, उरलेलें कालवण, आणि मेंढी व्याली कीं तिची वार. शिक्षणशास्त्रावरील पुष्कळ जाडजूड ग्रंथांपेक्षां ही पद्धत थोडक्यांत उरकते, व तींत परीक्षाही एकच असते.

शेतकरी हा सारा खटाटोप आपल्या रानांत होऊं देतो तो दयेपोटीं नव्हे. मेंढरें बसविणें हा दख्खनच्या शेतीचा जुना व्यवहार आहे. रात्रभर दोन-तीनशें मेंढरें एका जागीं बसलीं म्हणजे लेंड्या व मूत त्या जमिनींत मुरतें, आणि गाडीभर शेणखत वाहून आणून पसरण्याचा त्रास वांचतो. दुसऱ्या रात्रीं वाघूर शेजारच्या तुकड्यांत सरकतें, तिसऱ्या रात्रीं त्याच्या पुढें. पंधरवड्यांत सारें शेत खतावतें. याबद्दल धनगराला पूर्वी धान्य मिळे, आतां बहुधा रोकड मिळते. ज्या जोंधळ्याची भाकरी शहरांतील पानांत पडते तो पिकविण्यांत अशा रीतीनें त्या उदास चेहऱ्याच्या कुत्र्याचाही हात, किंवा पंजा म्हणा, असूं शकतो.

मराठी घरांत कुत्र्याची योग्यता किती, याचा निकाल मात्र अद्याप लागलेला नाहीं. एकीकडे महाभारताच्या महाप्रास्थानिक पर्वांत युधिष्ठिर बरोबरच्या कुत्र्याला सोडून स्वर्गाच्या रथांत चढण्याचें नाकारतो, ऋग्वेदांत इंद्राची सरमा चोरलेल्या गाईंचा माग काढते, दत्तात्रेयाच्या पायांशीं चार कुत्रीं असतात व तीं चार वेद मानलीं जातात. जेजुरीच्या खंडोबाच्या संगतीला कुत्रें असतें. चंपाषष्ठीला वांग्याचें भरीत व रोडगा यांचा नैवेद्य झाला कीं कित्येक घरांत एक घांस कुत्र्यालाही मिळतो. साताऱ्याजवळ संगम माहुलीला, इ. स. १७४९ मध्यें निवर्तलेल्या छत्रपति शाहूमहाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधि आहे. वाघाच्या तोंडून त्यानें धन्याला वांचविलें अशी कथा तेथें सांगतात. दुसरीकडे भाषेंत पाहावें, तर कुत्र्याच्या मौतीनें मरण्यापासून कुत्रें हाल न खाण्यापर्यंत त्याच्या वांट्याला अवहेलनाच. देवळांत दगडाचें कुत्रें चालतें, ओसरीवर हाडामांसाचें चालत नाहीं. हा व्यवहार कोणत्या शास्त्रांत बसतो तें सांगणें कठीण आहे.

राखणीच्या कुत्र्याशेजारींच या मुलखांत दुसरी एक जात नांदत आली. तिला कारवान म्हणतात. मराठवाड्याचा दक्षिण भाग, सोलापूर, सांगलीचा पूर्वेकडील पट्टा आणि त्याला लागून असलेला कर्नाटकांतील विजापूर-बागलकोटकडचा प्रदेश हें तिचें माहेर. निमुळतें तोंड, खोल छाती, आंत ओढलेलें पोट, उंच पाय. हें कुत्रें नाकापेक्षां डोळ्यावर विसंबून धांवतें, आणि धांवूं लागलें कीं त्याचें अंग धनुष्यासारखें वांकतें व सुटतें. केसाळ प्रकाराला पश्मी असें नांव आहे. मुधोळ संस्थानचे अधिपति मालोजीराव घोरपडे यांनीं या जातीचा हौसेनें प्रतिपाळ केला, त्यामुळें ‘मुधोळ हाउंड’ या नांवानें ती बाहेरच्या जगाला माहीत झाली. ९ जानेवारी २००५ रोजीं भारतीय टपाल खात्यानें चार देशी कुत्र्यांचीं तिकिटें काढलीं, त्यांत राजपाळयम, रामपूर व हिमालयी मेंढपाळ कुत्रा यांच्या जोडीला मुधोळही आहे. आणि २०१६ सालीं भारतीय लष्करानें या जातीचीं पिलें मीरत येथील आपल्या केंद्रांत शिक्षणासाठीं नेलीं.

कारवान राखणीचें नव्हे, शिकारीचें कुत्रें. पूर्वी हिंवाळ्याच्या सकाळीं गांवचीं तरणीं पोरें अशी एखादी जोडी घेऊन सशाच्या मागें कोसकोस माळ तुडवीत. ससा सरळ पळत नाहीं. कुत्रें अगदीं पाठीशीं आलें कीं तो काटकोनांत वळतो, आणि वेगानें पुढें गेलेलें कुत्रें धुळींत कोलांटी खातें. ज्यांनीं तें दृश्य पाहिलें ते म्हातारपणींही हात हालवून त्याचें वर्णन करतात. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ही शिकार बंद झाली. ती व्हावयासच हवी होती. माळावर ससे, तितर व चिंकारे किती उरले आहेत हें पाहिलें म्हणजे शंका राहत नाहीं. पण कायद्यानें छंद थांबला, तरी कुत्र्याचे पाय थांबत नाहींत. आज तें दाराशीं साखळीला बांधलेलें दिसतें तेव्हां घोड्याला कोनाड्यांत उभें केल्यासारखें वाटतें. रोज चार-सहा मैल चालविणारा धनी ज्याला नाहीं अशा कारवानाइतका दुःखी प्राणी खेड्यांत दुसरा नसेल.

कुत्र्याचें काम आणि कुंपणाचें काम एकच असल्यामुळें कुंपणाविषयींही थोडें सांगितलें पाहिजे. कांटेरी तार येण्यापूर्वीं शेतकरी कुंपण बांधीत नसे, लावीत असे. शेराची कांडी पावसाळ्याच्या तोंडीं खोंचली कीं जगते. तिला पानें अशीं नाहींतच, हिरव्या पेन्सिलींसारख्या फांद्याच फांद्या, आणि जनावर तिला तोंड लावीत नाहीं. तिचा चीक मात्र डोळ्यांत जाऊं देऊं नये, दृष्टीवर बेततें. घायपात मूळची मेक्सिकोकडील, पण माळावर ती माहेरवाशिणीसारखी रमली. तिच्या पानांतून वाख निघतो व वाखाचे दोर वळतात. मोगली एरंड, सागरगोटा, निर्गुडी यांची योजना ज्याच्या त्याच्या पाण्याप्रमाणें. फड्या निवडुंगाचें प्रकरण मोठें शिकविणारें आहे. हाही अमेरिकेंतून आलेला. कुंपणाला आणला आणि त्यानें गायरानेंच्या गायरानें गिळलीं. ‘कुंपणच शेत खातें’ ही म्हण एवढी शब्दशः खरी क्वचितच झाली असेल. शेवटीं १९२६ सालीं सिंहलद्वीपांतून कोचिनिल जातीचे किडे दक्षिण हिंदुस्थानांत आणून निवडुंगावर सोडण्यांत आले. जें काम कोयत्याकुऱ्हाडीनें झालें नव्हतें तें त्या पांढऱ्या कापसासारख्या दिसणाऱ्या किड्यांनीं कांहीं वर्षांत केलें.

अशा जिवंत कुंपणांत तितर अंडीं घालतो, मुंगूस बीळ करतें, सरडे ऊन खातात. त्याला एखाद्या ठिकाणीं खिंडार असे. तेथून पायवाट जाई, आणि त्याच वाटेनें धनगराचीं मेंढरें आंत येत. तारेच्या कुंपणाला खिंडार नसतें, कुलूप असतें. वाड्यांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या वाटा गेल्या तीस-चाळीस वर्षांत अशा कुलुपांपाशीं येऊन थांबल्या आहेत, आणि वाडा हमरस्त्यावर आला आहे तो यामुळेंही. मोटारींतील नागरिकाला जी अडचण वाटते तिचें एक कारण कदाचित् त्याच्याच शेतघराच्या फाटकावर लोंबत असेल.

शेतघराचा हा छंद वाईट नाहीं. शहरांतील कुटुंबानें आठवड्यांतून एक दिवस मातींत हात घालावा यांत नांवें ठेवण्यासारखें कांहीं नाहीं. उलट ज्या मुलांना घेवड्याचा वेल उजवीकडे वळतो कीं डावीकडे हें ठाऊक नाहीं त्यांनीं तेथें अवश्य जावें. शेवगा, हादगा, कागदी लिंबू, कढीलिंब हीं झाडें रविवारच्या माळ्यालाही दाद देतात. मोरीच्या पाण्यावर केळ आणि अळू आपोआप वाढतात. माळाच्या उन्हांत हिरवळीची गादी जगविण्यासाठीं विहीर उपसणें मात्र शोभत नाहीं. शेजारच्या वस्तीवर बायका हंडा घेऊन उभ्या असतां तें बघवतही नाहीं.

खरी चूक कुत्र्याच्या निवडींत होते. बर्फावर गाड्या ओढण्यासाठीं वाढविलेला सैबेरियाचा हस्की, किंवा आल्प्सच्या हिमांत वाट चुकलेल्यांना शोधणारा सेंट बर्नार्ड, यांना चैत्राच्या दुपारीं पत्र्याच्या पडवींत बांधलेलें पाहावें लागतें. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाहीं. जीभ बाहेर काढून धापा टाकणें हाच त्याचा पंखा, आणि अंगावर दुहेरी लोकरीचा डगला असला तर तो पंखा पुरत नाहीं. मंडळी रविवारीं रात्रीं परत जातात. सोमवारपासून शनिवारपर्यंत तें जनावर रखवालदाराच्या स्वाधीन, साखळीची लांबी हेंच त्याचें जग. त्यांत बागेंतील धोके निराळे. कण्हेर, पिवळी असो कीं तांबडी, सर्वांगीं विषारी. धोतऱ्याचें बोंड तसेंच. द्राक्षें व बेदाणे माणसाला पथ्यकर, पण कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरतात, हें तासगांव-सांगलीकडे मळा घेणाऱ्यांनीं तरी ध्यानांत ठेवावें. मुलें लाडानें मूठभर बेदाणे पुढें करतात आणि दोन दिवसांनीं कुत्र्याची लघवी बंद होते.

याहून वाईट गोष्ट पुढें घडते. हौस फिटते, मुलें परदेशीं जातात, शेतघर विकलें जातें, आणि कुत्रें तेथेंच सुटतें. गांवांतल्या ओकीबोकी पडलेल्या कुत्र्यांत तें मिसळतें. ना धनी, ना काम. कोंबड्यांच्या कारखान्याबाहेर टाकलेल्या घाणीवर टोळी वाढते. एकट्यानें जें कुत्रें सशालाही भितें तें दहांच्या टोळींत कोंकरांवर तुटून पडतें. धनगराला आज लांडग्याइतकाच घोर या टोळ्यांचा आहे. लांडगा भुकेपुरतें एक नेतो. टोळी पांच फाडते व एकही धड खात नाहीं. येथें पुन्हां कुंपणच शेत खाऊं लागलें आहे.

लांडग्यावरही याचें संकट आलें आहे, आणि ज्याच्यापासून मेंढरें राखावयाचीं त्याचीच काळजी वाहण्याची ही वेळ विचित्र खरी. पुणें जिल्ह्यांत सुपें येथील मयूरेश्वर अभयारण्य अवघें ५ चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे. चिंकारे तेवढ्यांत कसेबसे राहतात; लांडगे, खोकडें व कोल्हे यांचा संसार बहुतेक अभयारण्याबाहेरच्या माळांवर चालतो. त्याच माळांवर कुत्र्यांच्या टोळ्या हिंडतात. कुत्र्यांचे रोग लांडग्यांत जातात, आणि लांडग्याला जोडीदार मिळाला नाहीं तर तो कुत्रीशीं जोडी करतो. पुण्याजवळ लांडगा व कुत्रा यांचा संकर झाल्याचें २०२३ सालीं जनुकीय तपासणीनें सिद्ध झालें. हें असेंच चाललें तर माळावरचा खरा लांडगा कोणी मारल्यावांचूनच नाहींसा होईल.

माणसाच्या दृष्टीनें सर्वांत मोठें भय पिसाळण्याचें. माणसाला होणारा हा रोग जवळजवळ सर्व वेळां कुत्र्याच्या चाव्यानें होतो आणि लक्षणें दिसूं लागल्यावर रोगी वांचण्याची आशा उरत नाहीं. पाश्चरनें १८८५ सालीं लस टोंचून एका मुलाला वांचविलें, त्याला आतां एकशेंचाळीस वर्षें होऊन गेलीं; तरीही जखमेवर तिखट, चुना किंवा तंबाखू चोळून वाट पाहणारीं माणसें खेड्यांत आहेत, आणि शहरांतही नाहींत असें नाहीं. चावा बसतांच वाहत्या पाण्याखालीं साबण लावून पंधरा मिनिटें जखम धुवावी, बांधूं नये, आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. लस सरकारी दवाखान्यांत मिळते. तिचीं सर्व इंजेक्शनें ठरल्या दिवशीं घ्यावींत, व जखम खोल असली तर जखमेंतच द्यावयाचें निराळें औषध आहे तेंही डॉक्टरकडे मागून घ्यावें. पंधरा मिनिटें हा वेळ घड्याळ लावून पाहावा. तो वाटतो त्याहून फार लांब असतो. कुत्र्याला मात्र तीन महिन्यांचें झालें कीं व पुढें दरवर्षीं लस टोंचावी. धनगराच्या कुत्र्यालाही ती टोंचतां येते; वाडा आपल्या रानांत उतरला असतां पशुवैद्याला बोलावून तेवढें काम करून देणारे शेतकरी आहेत, आणि धनगर तें उपकार विसरत नाहींत.

ज्याच्यापाशीं कुत्रें, पाय आणि एक मोकळी सकाळ आहे त्याला माळासारखी दुसरी करमणूक नाहीं. बंदूक गेली तरी दुर्बीण आहे. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत माळटिटवी उघड्या खडींत चार अंडीं घालते. त्यांचा रंग खड्यांशीं इतका मिळतो कीं पायाखालीं आल्यावांचून तीं दिसत नाहींत. ऊन कडक झालें कीं टिटवी जवळच्या डबक्यांत पोटाचीं पिसें भिजवून येते आणि त्या ओल्या पोटानें अंडीं निववते. हें एकदां पाहिलें म्हणजे कुत्र्याची साखळी आपोआप हातांत घट्ट धरली जाते. पावसाळ्यांत विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचीं घरटीं लोंबूं लागतात. नर अर्धवट घरटें विणून मादीला दाखवितो, तिला पसंत पडलें नाहीं तर तें तसेंच सोडून दुसरें मांडतो. कांहीं गृहस्थांनाही हा अनुभव असेल.

पावसाळा सरला कीं कुसळी पिकते. तिच्या कुसळाला पीळ असतो. ओल लागली कीं तो सुटतो, वाळलें कीं पुन्हां बसतो, आणि या उलटसुलट फिरण्यानें टोंकदार बीं स्वतःच जमिनींत शिरतें. बियाण्यासाठीं केलेली ही युक्ति धोतराला, मेंढराच्या लोकरीला आणि कुत्र्याच्या कातड्यालाही तितकीच लागू पडते. फिरून आल्यावर कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्या, कान व कांखा हातानें चांचपून पाहाव्या; कुसळ आणि गोचीड दोन्हीं तेथेंच सांपडतात. कानांत कुसळ शिरलें तर कुत्रें एका बाजूला मान कलती करून सारखें डोकें झाडतें. तें स्वतः काढूं जाऊं नये.

धनगर ही तपासणी रोज करतो, तीही पहांटे. तेव्हां लांडग्याची वेळ टळलेली असते, चंडोल वर जाऊन गाऊं लागलेला असतो, आणि बायका तट्टांवर बाजलीं चढवीत असतात. म्हातारा चुलीपाशीं उकिडवा बसून कुत्र्याचा एकेक पाय हातांत घेतो, बेचक्यांतून बोट फिरवितो, सांपडलेला गोचीड निखाऱ्यावर टाकतो. कुत्रें उभ्या उभ्याच डुलत असतें. रात्री कितीदां उठलें, कोणावर धांवून गेलें, यांतलें कांहींही त्याच्या अंगावर लिहिलेलें दिसत नाहीं. वाघूर गुंडाळलें जातें, मेंढरें धूळ उडवीत वाटेला लागतात. म्हातारा उठून घोंगडें खांद्यावर टाकतो. कुत्रें एकदां जांभई देतें, आणि सर्वांच्या मागून, खालीं मान घालून, चालूं लागतें.